नेम धरायचा, पण कुठे?

छर्ऱ्याची बंदूक विकत घेणं सोपं आहे. ती चालवायला कायदेशीर आणि सुरक्षित जागा मिळणं अवघड. कामोठ्यातल्या मोकळ्या प्लॉटवरून सुरू होणारा हा प्रश्न शेवटी महापालिकेच्या दारात का जातो, ते बघूया.

मोकळा प्लॉट म्हणजे आपला प्लॉट, हे कामोठ्यात वाढलेल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. तिथे क्रिकेट होतं, गणपतीचा मांडव उभा राहतो, नवरात्रात गरबा होतो आणि नवी स्कूटी घेतलेली मुलगी तिथेच आठचा आकडा काढायला शिकते. परवानगी कुणी विचारत नाही आणि सहसा कुणी हटकतही नाही. त्यामुळे घरात एअर रायफल आली की पहिला विचार तोच येतो. संध्याकाळी प्लॉटवर जाऊ, भिंतीला पुठ्ठा टेकवू, दहा-बारा छर्रे मारू. कुणाला काय त्रास?

यात हौस आहे आणि हौसेत चूक काहीच नाही. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली आणि ते मिळालं नेमबाजीत. त्याच्याआधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं होतं. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये तेच केलं. आणि आपल्या पनवेलचं म्हणाल तर सुमा शिरूर आहेतच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची फायनल खेळलेल्या आणि पुढे अवनी लेखरासारख्या पॅरालिंपिक विजेतीच्या कोच झालेल्या.

म्हणजे "मला पण शूट करायचंय" असं कामोठ्यातल्या एखाद्याला वाटणं अगदी साहजिक आहे. प्रश्न फक्त कुठे, एवढाच आहे. आणि तो वाटतो तितका साधा नाही.

परवाना नको, म्हणजे सगळं चालेल?

आधी कायदा समजून घेऊ, कारण सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे.

आपल्याकडे बंदुकांचा कारभार शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांवर चालतो. खरी बंदूक, म्हणजे दारूच्या काडतुसावर चालणारी, परवान्याशिवाय ठेवताच येत नाही. आपला भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, त्यामुळे परवान्याचा अर्ज आयुक्तालयाकडे. वयाची अट २१ वर्षं पूर्ण. त्याहून लहानांना नेमबाजी शिकता येते, पण ठरवून दिलेल्या अटींवर आणि देखरेखीखाली.

एअर रायफलची गोष्ट वेगळी. तिची ताकद २० ज्यूलच्या आत असेल आणि नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरची असेल, तर परवाना लागत नाही. याच वाक्याच्या जोरावर दुकानदार बंदूक विकतो, आपण ती घेतो आणि मनात एक गैरसमज पक्का बसतो, की परवाना नाही म्हणजे बंधन नाही.

हे म्हणजे सायकलला लायसन्स लागत नाही म्हणून ती एक्स्प्रेस वेवर नेण्यासारखं झालं. परवान्याची सूट ही बंदूक जवळ ठेवण्यापुरती आहे. ती कुठे आणि कशी चालवायची, हे ठरवणारे कायदे दुसरेच आहेत आणि ते कुणालाच सूट देत नाहीत.

भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ बघा. बेदरकार किंवा निष्काळजी वागण्याने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आली, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात कुणाला लागलंच पाहिजे असं नाही, धोका निर्माण झाला तरी पुरे. कुणाला गंभीर इजा झाली तर शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाते. त्यात सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. त्या दिवसांत बंदूक घेऊन रस्त्यावर फिरणं हाच गुन्हा ठरू शकतो. आणि लांबून बघणाऱ्या माणसाला तुमच्या हातातली रायफल किती ज्यूलची आहे ते कळत नाही. त्याला फक्त बंदूक दिसते आणि तो ११२ फिरवतो.

कामोठ्याचा नकाशा उघडा

आता डोळ्यांसमोर आपला नकाशा आणा आणि जागा शोधा.

पहिली जागा, सेक्टरमधला मोकळा प्लॉट. तो कुणाचाच नाही असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो सिडकोचा असतो, महापालिकेचा असतो किंवा कुणी लिलावात घेतलेला असतो. क्रिकेटकडे काणाडोळा होतो म्हणून बंदुकीकडे होईल, हा हिशोब चुकीचा. शिवाय प्लॉटच्या चारही बाजूंना इमारती. खिडक्या आहेत, गॅलरीत कपडे वाळत घालणारी माणसं आहेत, खाली भाजीची गाडी आहे.

दुसरी जागा, खाडीची बाजू. जुई गावाच्या पलीकडे गेलं की मोकळं वाटतं, माणूस दिसत नाही. पण कांदळवनाला महाराष्ट्रात कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्याबद्दल कडक आदेश दिले आहेत. आणि माणूस दिसत नाही म्हणजे तो नसतो असंही नाही. ओहोटीला चिखलात उतरून मासे, चिंबोऱ्या पकडणारे लोक झाडीआड असतात. ते तुम्हाला दिसत नाहीत आणि तुम्ही त्यांना.

खाडीवर आणखी एक मोह असतो. पुठ्ठ्याचा कंटाळा आला की नजर बगळ्यावर जाते. इथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. या कायद्याची शिकारीची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. पक्षी मारणं म्हणजे शिकार, जखमी करणं म्हणजे शिकार आणि तसा प्रयत्न करणं म्हणजेही शिकार. "लागला नाही ना" ही सबब चालत नाही. खंड्या, बगळे, पोपट हे सगळे या कायद्याच्या छत्राखाली येतात.

तिसरी जागा, डोंगर. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा हायवेवर कर्नाळा आहे. ट्रेकला जाऊ, वर शूट करू, असा प्लॅन कुणी केलाच तर हे लक्षात ठेवा. कर्नाळा हे १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायलाच वन्यजीव अधिकाऱ्यांची लेखी पूर्वपरवानगी लागते. या कायद्यात शस्त्राची व्याख्या एवढी मोठी आहे की प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात बसतं. म्हणजे तुमची विनापरवाना, कायदेशीर, बिलासकट घेतलेली एअर रायफल कर्नाळ्याच्या गेटवर शस्त्र ठरते. तिथे शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर कैद किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७.

छर्ऱ्याच्या बंदुका पसरल्या की जंगलाचं काय होतं, हे बघायचं तर अरुणाचल प्रदेशाकडे बघा. तिथे पक्षी इतके कमी होऊ लागले की मार्च २०२१ मध्ये सरकारने एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू केली. गावोगावच्या लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या.

छर्रा थांबतो कुठे?

कायदा बाजूला ठेवा. नुसतं फिजिक्स बघा.

१० मीटर स्पर्धेच्या रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० ते १८० मीटर वेगाने सुटतो. बारावीचं सूत्र लावलं तर ताकद ८ ज्यूलच्या आसपास येते. परवाना नको अशा बंदुकीला मर्यादा २० ज्यूलची. म्हणजे दुकानात मिळणारी, लांब मारणारी म्हणून विकली जाणारी रायफल ऑलिंपिकच्या रायफलपेक्षा दुपटीहून जास्त ताकदीची असू शकते. अर्ध्या ग्रॅमचा तुकडा डोळा कायमचा घालवायला पुरेसा आहे.

छर्रा पुठ्ठ्यात थांबत नाही. तो आरपार जातो आणि मागच्या भिंतीवर आपटतो. भिंत कठीण असेल तर उलटतो. भिंत नसेल तर शंभर मीटरच्या पुढेही जातो. आपल्या सेक्टरमध्ये शंभर मीटरमध्ये काय काय येतं, ते मोजून बघा.

म्हणून जगभर नेमबाजीच्या पहिल्या धड्यात एक नियम असतोच : लक्ष्य काय आहे ते ओळखा आणि लक्ष्याच्या मागे काय आहे तेही ओळखा. मोकळ्या प्लॉटवर या नियमाचा दुसरा भाग पाळताच येत नाही, कारण मागे कोण येईल हे तुमच्या हातात नसतं. चेंडू आणायला धावणारं सहा वर्षांचं पोर तुमचा नेम संपायची वाट बघत नाही.

रीलमधला माळ वेगळा

इथे कुणीतरी म्हणेल, अमेरिकेत तर लोक सरळ माळावर जाऊन शूट करतात. रीलमध्ये दिसतं ते खरं आहे. तिकडे केंद्र सरकारच्या ताब्यातल्या बऱ्याच मोकळ्या जमिनीवर हौशी नेमबाजीला मुभा असते. पण त्या जमिनीचा पसारा बघा. अशा जमिनी सांभाळणाऱ्या त्यांच्या एकाच खात्याकडे जवळजवळ २४.५ कोटी एकर आहेत. शिवाय नियम असतात. मागे मातीचा नैसर्गिक बांध हवा, कॅम्पिंगच्या जागांपासून लांब हवं, रिकाम्या पुंगळ्या आणि फुटलेली टार्गेटं उचलून न्यायची. आणि आग किंवा वस्ती यांचा धोका दिसला की ती जागा बंद होते.

ब्रिटन आपल्यासारखं दाटीचं. तिथे सबळ कारणाशिवाय एअरगन सार्वजनिक जागी बाळगणं हाच गुन्हा आहे. स्कॉटलंडने तर २०१६ च्या शेवटापासून एअरगनला परवाना सक्तीचा केला.

आणि लांब कशाला, आपल्या लष्कराचं उदाहरण घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यात के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. मोकळ्या जमिनीवर असा गोळीबाराचा सराव करायचा तर लष्करालाही १९३८ चा कायदा पाळावा लागतो. आधी सरकारची अधिसूचना निघते, कुठला भाग आणि कुठला काळ ते जाहीर होतं, गावांना सूचना जाते, नुकसान झालं तर भरपाईची तरतूद असते. एवढं करूनही जमिनीवरून गावकऱ्यांचा आणि सरकारचा वाद वर्षानुवर्षं चालत आलाय. जिथे लष्कराला दवंडी पिटावी लागते, तिथे आपण पुठ्ठा टेकवून मोकळे होऊ, असं कसं चालेल?

मग जायचं कुठे?

उत्तर एकच, रेंजवर. भारतात हौशी नेमबाजीला सुरक्षित आणि कायद्यात बसणारी जागा म्हणजे क्लबची किंवा अकॅडमीची रेंज.

आपल्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. मानसरोवर स्टेशनवरून पनवेल दोन स्टेशनं. नवीन पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबने अनेक नेमबाज घडवले. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. पुण्यात बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे, जिथे स्वप्नीलने सराव केला. कॉलेजात एनसीसी असेल तर तो सगळ्यात स्वस्त रस्ता, कारण कॅडेटला कॅम्पमध्ये .२२ रायफलचं फायरिंग देखरेखीखाली करायला मिळतं.

पुढचा रस्ताही आखलेला आहे. शालेय स्पर्धांमध्ये रायफल शूटिंग आहे. मग राज्य स्पर्धा, पुढे ग. वा. मावळंकर यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा, मग राष्ट्रीय. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच.

रेंजवर काय वेगळं असतं? मागे छर्रे अडवणारी व्यवस्था असते. नेमबाजांच्या पुढे कुणीही जाऊ शकत नाही. रेंज ऑफिसर "स्टॉप" म्हणाला की सगळ्या बंदुका खाली. रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी नळीत घालावी लागते. आणि लक्ष्य असं असतं की प्लॉटवरचा पुठ्ठा पोरखेळ वाटावा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तुम्ही वाचताय त्या ओळीतल्या पूर्णविरामाएवढा. स्पर्धेत असे ६० शॉट, ७५ मिनिटांत.

एक हॉल, आठ लेन

पण रेंजवर जा, एवढं सांगून विषय संपत नाही.

खासगी रेंजची फी असते. कोचिंगचे पैसे वेगळे. स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखांत जाते, वर जॅकेट, बूट, छर्रे. ज्याच्या घरी हे परवडतं तो अकॅडमीत जातो. ज्याच्या घरी परवडत नाही तो काही हजारांची देशी बंदूक घेतो आणि प्लॉटवर जातो. म्हणजे नियम मोडणारा मुलगा अनेकदा बेदरकार नसतो, त्याला जागाच नसते. आपण बंदूक विकणं सोपं ठेवलंय आणि ती चालवायची जागा मात्र पैसेवाल्यांपुरती. या दोघांमधल्या फटीत जे होतं, त्याची किंमत प्लॉटवरून चालत जाणारा भरतो.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. १० मीटर रेंजला माळरान लागत नाही. एका लेनला रुंदी एक मीटर पुरते. १० मीटरचं अंतर, मागे उभं राहायला आणि सामान ठेवायला जागा, म्हणजे साधारण १५ बाय १० मीटरच्या बंद हॉलमध्ये आठ लेन आरामात बसतात. बॉक्स क्रिकेटच्या टर्फला याहून जास्त जागा लागते आणि टर्फ तर आपल्याकडे गल्लीगल्लीत उभे राहताहेत. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. सिडकोकडून नोडमधल्या सुविधा टप्प्याटप्प्याने तिच्याकडे आल्या. समाजमंदिरं, शाळांच्या इमारती, बहुउद्देशीय हॉल, यातला एखादा संध्याकाळचे तीन तास वापरता येणार नाही का? रायफली क्लबच्या, कुलूपबंद, नोंद असलेल्या. घरी कुणी काही न्यायचं नाही. शिकवायला पात्र कोच, सोबत रेंज ऑफिसर.

यावर आक्षेप येतील आणि ते फालतू नाहीत. पहिला, पोरांच्या हातात बंदूक कशाला द्यायची? पण बंदूक बाजारात आधीच आहे, परवान्याशिवाय आहे. रेंज झाली तर ती निदान कुणाच्या तरी नजरेखाली येते आणि पोराला पहिल्या दिवशी नेम नाही, शिस्त शिकवली जाते. दुसरा, छर्रे शिशाचे असतात, ते आरोग्याला वाईट. खरं आहे. म्हणून हॉलला हवा खेळती लागते, छर्रे गोळा करावे लागतात आणि खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही. प्लॉटवर तेच शिसं मातीत राहतं. तिसरा आक्षेप सगळ्यात जड, आधी पाणी द्या मग रेंज. कामोठ्यात राहणारा कुणीही या वाक्याला हसणार नाही. पण नवी इमारत कुणी मागत नाहीये. असलेला हॉल, असलेली भिंत, तिच्यावर योग्य ती अडवणूक आणि एक जबाबदार माणूस, इतकंच.

रेंजवर जाण्याआधी

फोन करून विचारा : नवख्यांसाठी बॅच आहे का, रायफल क्लबची मिळते का, महिन्याचा खर्च सगळा धरून किती? रेंज बघायला जा आणि रेंज ऑफिसर कोण आहे ते विचारा. पहिल्याच भेटीत नियम न सांगता हातात रायफल देणारी जागा सोडून द्या. स्वतःची बंदूक घ्यायची घाई करू नका, आधी काही महिने क्लबची वापरा. घेतलीच तर बिल आणि ओळखपत्र सोबत, रायफल रिकामी आणि केसमध्ये बंद. बाहेर काढायची ती थेट फायरिंग लाइनवर.

आणि एक काम घरबसल्या करता येईल. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात पनवेल महापालिकेला एवढंच विचारा : कामोठ्यात आपल्या ताब्यात १५ मीटर लांबीचे बंद हॉल किती आहेत आणि संध्याकाळी त्यांत काय चालतं? या उत्तराचा कागद हातात असेल तर नगरसेवकाशी बोलणं सोपं जातं. नुसतं "आम्हाला रेंज हवी" म्हणण्यापेक्षा "या हॉलमध्ये हवी" म्हणणं केव्हाही बरं. तोपर्यंत प्लॉट क्रिकेटला राहू द्या.